घसरगुंडीचा सीझन: कार्लाइल युनायटेडवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात २०२४-२५ च्या इंग्लिश फुटबॉल सीझनवर लिहिताना मी शेवटी चार ओळी कार्लाइल युनायटेडवर टाकल्या होत्या, लागोपाठ दोन सीझन दोन लीग खाली आलेला क्लब म्हणून. खरं सांगतो, वाटलं होतं त्या ओळी कोणी वाचणारच नाही, सगळी पत्रं लिव्हरपूलच्या टायटलवर येतील. झालं उलटंच. लिव्हरपूलवाले खुशीत आहेत, त्यांना प्रश्नच पडत नाहीत, आणि हरणाऱ्या टीमबद्दल मात्र ढीगभर पत्रं. त्यातली काही घेतो, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: २०२३ मध्ये कार्लाइलला वेम्ब्लीवर जिंकताना मी मोबाईलवर बघितलं होतं. मग अमेरिकन मालक आले, पैसा आला असंही वाचलं. आणि दोन वर्षांत हे पाचव्या लीगमध्ये! पैसा गेला कुठे?

पैसा मैदानातच गेला हो, चोरी-बिरी काही नाही, फक्त उशिरा गेला आणि घाईत गेला. क्रमाने सांगतो म्हणजे कळेल.

मे २०२३ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीविरुद्ध प्लेऑफ फायनल (वर जायची शेवटची जागा ठरवणारी मॅच), १-१, मग पेनल्टीवर ५-४, कार्लाइल लीग टू मधून, म्हणजे चौथ्या लीगमधून, लीग वन मध्ये, म्हणजे तिसऱ्या. मॅनेजर पॉल सिम्पसन, कार्लाइलमध्येच जन्मलेला. हाच माणूस २०२२ च्या फेब्रुवारीत आला होता तेव्हा टीम लीग टू मधूनच बाहेर पडायच्या बेतात होती, त्याने आधी ती वाचवली आणि सव्वा वर्षात वरच्या लीगमध्ये नेली. पण खरं बोलायचं तर ती टीम वरच्या लीगच्या ताकदीची नव्हती, जिद्दीवर आणि एकमेकांच्या सवयीवर जिंकलेली टीम होती. वर गेल्यावर खेळाडू घ्यायला हवे होते तो सगळा उन्हाळा जुन्या मालकांच्या काळात हात आखडून गेला. फ्लोरिडाच्या पियाटक कुटुंबाने क्लब ताब्यात घेतला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि तोवर टीम तळाशी घुटमळायला लागली होती. जानेवारीत खरेदी झाली, उपयोग झाला नाही, २४ टीमच्या लीगमध्ये २४ वा नंबर.

इथपर्यंत मी कोणाला फार दोष देत नाही. वर गेलेली गरीब टीम खाली येते, दरवर्षी कोणीतरी येतंच.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढच्या सीझनची आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना वाटत होतं की आता पैसा आहे, ओळखीची लीग आहे, हे सरळ वर जातील. सिम्पसनला ठेवलं, त्याच्या पसंतीचे खेळाडू घेतले, आणि ऑगस्टच्या ३१ तारखेला त्याला काढून टाकलं. म्हणजे लीगचा जेमतेम एक महिना! मग सप्टेंबरमध्ये मिल्टन कीन्स डॉन्सकडून माइक विल्यमसनला आणलं. चांगला कोच आहे, पण त्याची पद्धत वेगळी, गोलीपासून छोटे छोटे पास देत पुढे जायचं, लांब किक मारायची नाही. ही पद्धत बघायला छान दिसते पण ती जमायला महिने लागतात आणि त्यासाठी पायात चेंडू ठेवून शांत राहणारे डिफेंडर लागतात. इथे डिफेंडर होते सिम्पसनच्या पद्धतीचे.

तुम्ही अशी मॅच बघितली असेल तर चित्र डोळ्यासमोर येईल. गोली चेंडू पायात घेऊन उभा, सेंटर बॅक, म्हणजे मधले दोन डिफेंडर, पेनल्टी एरियाच्या दोन बाजूंना, समोरचे दोन फॉरवर्ड धावत येतायत, स्टँडमधले हजारो लोक एकाच वेळी श्वास रोखतात. सेंटर बॅकला तो श्वास ऐकू येतो. पहिल्यांदा तो पास देतो, दुसऱ्यांदा पास थोडा कमी पडतो, तिसऱ्यांदा तो चेंडू सरळ स्टँडमध्ये भिरकावतो आणि लोक टाळ्या वाजवतात. झालं, तिथेच पद्धत संपली, कारण आता अर्धी टीम एक खेळतेय आणि अर्धी दुसरं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विल्यमसनही गेला आणि आला मार्क ह्यूज. हो तोच, मँचेस्टर युनायटेड आणि बार्सिलोनाकडून खेळलेला. त्याआधी जानेवारीत पुन्हा घाऊक खरेदी झालेली होती, म्हणजे ह्यूजच्या हातात टीम आली ती तीन वेगवेगळ्या डोक्यांनी जमवलेली. एकाच भाजीत तिघांनी मीठ घातल्यासारखं. एप्रिल संपायच्या आत हिशेब संपला, मोरकम आणि कार्लाइल दोघं लीग टू मधून बाहेर.

म्हणून मी म्हणतो की पैशाने नाही, घाईने घालवलं. मालकांची नियत वाईट होती असं मला अजिबात वाटत नाही, उलट त्यांनी खिशात हात घातला, पण प्रत्येक वेळी आधीचं अर्धवट सोडून नवीन सुरू केलं.

प्रश्न: पाचव्या लीगमध्ये गेले म्हणजे एवढं काय आभाळ कोसळलं? मॅच तर तिथेही होतातच ना?

होतात की. पण ही शिडी कशी आहे ते बघा. वर प्रीमियर लीग, २० टीम. मग चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, प्रत्येकी २४, म्हणजे ७२, या ७२ ना मिळून ईएफएल म्हणतात, १८८८ मध्ये १२ क्लबनी सुरू केलेली फुटबॉल लीग ती हीच. त्याखाली नॅशनल लीग, पाचवा मजला. लीग वन मधून दरवर्षी चार खाली येतात पण लीग टू मधून दोनच, कारण नॅशनल लीगमधून वर घ्यायच्या जागाच दोन. एक चॅम्पियनला आणि दुसरी प्लेऑफमधून.

म्हणजे दार अरुंद आहे आणि बाहेर गर्दी आहे. २०२२-२३ चं उदाहरण घ्या, रेक्सहॅम १११ पॉइंटने पहिले, नॉट्स काउंटी १०७ ने दुसरे. १०७ पॉइंट! ४६ मॅचमध्ये! आणि तरी बिचाऱ्यांना प्लेऑफ खेळावं लागलं, फायनलला पेनल्टीपर्यंत ताणलं तेव्हा कुठे वर गेले.

शिवाय टीव्हीचा पैसा. ईएफएलमध्ये असलं की वाट्याला काही ना काही येतं, खाली गेल्यावर पहिली दोन वर्षं थोडा आधार मिळतो, मग नळ बंद. अकादमी चालवायला मिळणारी मदतही त्यातच अडकलेली. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत वर आलात तर आलात, नाहीतर मुक्काम वाढतो. रेक्सहॅमसारखा जुना क्लब तिथे १५ वर्षं अडकला होता, २००८ ते २०२३, हॉलिवूडचे दोन ॲक्टर मालक आले तेव्हा सुटला.

आणि लोकांच्या मनाचं म्हणाल तर ते वेगळंच. कार्लाइल १९२८ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आले, २००४ मध्ये पहिल्यांदा बाहेर पडले, एका वर्षात परत आले. ज्यांनी ते वर्ष बघितलं होतं त्यांना वाटलं होतं पुन्हा हे बघायला लागणार नाही. २१ वर्षांनी बघायला लागलं.

प्रश्न: मॅनेजर बदलला की टीम लगेच जिंकायला लागते असं सगळे म्हणतात. मग बदलला तर काय चुकलं?

लगेच जिंकायला लागते हे दिसतं खरं, पण त्यात थोडी नजरबंदी आहे. मॅनेजरला काढतात कधी? टीम सगळ्यात वाईट खेळत असते तेव्हा. सहा मॅच हरलेली टीम सातवी-आठवी कधीतरी जिंकणारच होती, जुना असता तरी. ती जिंकते आणि श्रेय नव्याला. ताप उतरायच्या दिवशी जो डॉक्टर बदलला तो हुशार ठरतो, तसं.

मी असं म्हणत नाहीये की कधीच बदलू नये, काही वेळा खरंच दुसरा इलाज नसतो. पण खालच्या लीगमध्ये दर मॅनेजरबरोबर त्याचे दोन-तीन असिस्टंट येतात, जुन्यांचे करार मोडायचे पैसे जातात, आणि मग नव्याला हवे तसे खेळाडू. मोठ्या क्लबला हे परवडतं.

उलटं काय होतं तेही बघा, आणि उदाहरण दुसरीकडे शोधायला नको. २००३-०४ मध्ये हाच पॉल सिम्पसन कार्लाइलचा प्लेअर-मॅनेजर झाला, म्हणजे स्वतः खेळायचाही. टीम इतकी मागे पडलेली होती की त्यानेही वाचली नाही, खाली गेली. क्लबने त्याला ठेवलं. २००५ मध्ये प्लेऑफ जिंकून परत फुटबॉल लीगमध्ये, २००६ मध्ये लीग टू चे चॅम्पियन. पुढे २०१७ मध्ये याच सिम्पसनने इंग्लंडच्या अंडर-ट्वेंटी टीमला वर्ल्ड कप जिंकून दिला, तर माणूस काही गल्लीतला नव्हता.

आणि घाईचा कळस बघायचा असेल तर फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स. २०२३ मध्ये लीग वन मधून खाली, २०२४ मध्ये लीग टू मधून खाली, अगदी कार्लाइलसारखंच फक्त एक वर्ष आधी. त्या सीझनमध्ये त्यांनी डिसेंबरात ट्रॉय डीनीला मॅनेजर केलं आणि जानेवारीत काढलं, पुरता महिनाही झाला नव्हता. महिन्याभरात माणसाला ड्रेसिंग रूममधली सगळी नावं तरी पाठ होतात का?

ह्यूजला मात्र २०२५ मध्ये खाली गेल्यावरही ठेवलं. मला हे आवडलं. चालेल की नाही माहीत नव्हतं, पण निदान नव्या सीझनला ज्याच्या पसंतीची टीम तोच बेंचवर, एवढं तरी ठरलं.

प्रश्न: कार्लाइलच्या गोलकीपरने शेवटच्या मिनिटाला गोल मारून क्लब वाचवला होता असं कोणीतरी सांगितलं. खरं की व्हॉट्सॲप?

खरं, शंभर टक्के खरं, आणि हा प्रश्न आला म्हणून मला फार बरं वाटलं.

८ मे १९९९, सीझनचा शेवटचा दिवस, कार्लाइलचं मैदान ब्रंटन पार्क, समोर प्लिमथ अर्गाइल. तेव्हा खालून एकच टीम बाहेर जायची आणि कार्लाइल जिंकले नाहीत तर ती तेच होते. गोली होता जिमी ग्लास, स्विंडनकडून लोनवर, म्हणजे उसना आलेला. तोही का आलेला, तर कार्लाइलने आपला नेहमीचा गोली विकून टाकला होता, त्याच्या जागी लोनवर घेतलेला गोली त्याच्या क्लबने परत बोलावला, आणि सीझनच्या शेवटी गोलीच उरला नाही. खास परवानगी घेऊन या ग्लासला आणलं, मोजून तीन मॅचसाठी.

९० मिनिटं संपली, स्कोअर १-१. तिकडे तळाशी कार्लाइलबरोबरच अडकलेल्या स्कारबरोची मॅच संपलेली, ड्रॉ, त्यांचे लोक मैदानात नाचतायत की आपण वाचलो. इकडे इंज्युरी टाइम चार मिनिटं, तोही संपत आलेला, कार्लाइलला कॉर्नर मिळाला. ग्लासने बेंचकडे बघितलं, पुढे जाऊ का म्हणून, आणि लाल जर्सीतला हा उंच माणूस पूर्ण मैदान ओलांडून धावत सुटला. कॉर्नर आला, हेडर झाला, प्लिमथच्या गोलीने अडवला, चेंडू सुटून समोर पडला आणि तिथे नेमका ग्लास. उजव्या पायाने मारला, जाळीत. लोक मैदानात घुसले. मैदान रिकामं करून परत किकऑफ घेतला आणि लगेच शिट्टी.

कार्लाइल वाचले, स्कारबरो बाहेर गेले. ग्लास कार्लाइलकडून त्या तीन मॅचपलीकडे खेळला नाही, काही वर्षांत फुटबॉल सुटलं आणि टॅक्सी चालवायला लागला. माझ्या मते त्या गोष्टीचा हा भाग लोक सांगत नाहीत आणि तोच जास्त सांगायला हवा.

अजून एक, क्लबचा तेव्हाचा मालक मायकल नाइटन. १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेड विकत घेतोय म्हणून ओल्ड ट्रॅफर्डवर प्रेक्षकांसमोर चेंडू पायावर उडवत गेला होता तो हाच, ते डील फिसकटलं. कार्लाइलमध्ये त्याने एकदा मॅनेजरला काढून स्वतःच टीमचा कारभार हातात घेतला होता. तेव्हा मालकांच्या घाईचा इतिहास तिथे जुना आहे, पियाटक मंडळींनी शोधलेला नाही.

प्रश्न: पॉइंट कापतात म्हणजे काय? मॅच न हरता टेबलात खाली कसे जातात?

क्लब कर्जात बुडून ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे कारभार बाहेरच्या माणसाच्या हातात गेला की ईएफएल सरळ १२ पॉइंट कापते. १२ पॉइंट म्हणजे चार मॅच जिंकून शून्यावर. बोल्टनचं २०१९-२० मध्ये हेच झालं, उणे बारावर सीझन सुरू केला, सुरुवातीच्या मॅचला पोरंसोरं उतरवावी लागली, शेवटी लीग टू मध्ये गेले. पुढच्याच वर्षी परत आले हे वेगळं. ल्यूटनचं २००८-०९ मध्ये याहून भयानक, उणे ३०! खाली जाणारच होते, गेले. पगार वेळेत दिले नाहीत, टॅक्स भरला नाही, हिशेब दिला नाही यासाठीही पॉइंट जातात. रेडिंगचे असे तीन सीझन लागोपाठ गेले, शेवटी जानेवारी २०२४ मध्ये लोकांनी पोर्ट व्हेलविरुद्धच्या मॅचमध्ये मैदानात टेनिस बॉल फेकले, मग स्वतःच उतरले, मॅच रद्द करावी लागली. मालक बदलायला त्यानंतरही सव्वा वर्ष लागलं.

मला यातलं अन्यायाचं वाटतं ते हे की चूक करतो मालक आणि शिक्षा भोगतो तो माणूस ज्याने सीझन तिकीट काढलंय. पण शिक्षाच नसेल तर कर्ज काढून जिंकणारा क्लब प्रामाणिक क्लबला खाली ढकलेल, हाही मुद्दा आहेच. बरी नावाच्या क्लबचं तर नावच काढून टाकलं. १८८५ चा क्लब, एफए कप दोनदा जिंकलेला, डिसेंबर २०१८ मध्ये एका पाउंडाला विकला गेला. २०१९ च्या एप्रिलमध्ये प्रमोशन मिळवलं आणि ऑगस्टमध्ये ईएफएलमधून हकालपट्टी, वरच्या लीगमध्ये एकही मॅच न खेळता. आता २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र रेग्युलेटरचा कायदा केलाय तो बऱ्याच अंशी बरीसारख्या प्रकरणांमुळे. कार्लाइलच्या बाबतीत मात्र २०२४-२५ मध्ये एकही पॉइंट कापला गेला नाही, सगळे त्यांनी स्वतः घालवले.

प्रश्न: परदेशी मालकांवर बोलताय तर आपल्या पुण्याच्या वेंकीजवर गप्प का?

गप्प नाही, विचारलं नव्हतंत.

नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, २.३ कोटी पाउंडांना. १९९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला क्लब. महिनाभरात मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलं, तेव्हा टीम टेबलाच्या मधोमध होती, काही आग लागली नव्हती. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून खाली गेले, आणि त्या मॅचमध्ये फॅन्सनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. खेळाडू तिच्यामागे वाकून धावतायत हे दृश्य जगभर गेलं. हसू येतं, पण त्या कोंबडीइतकीच घाबरलेली टीम होती ती.

२०१७ मध्ये अजून एक लीग खाली, लीग वन मध्ये. ५१ पॉइंट होते, नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही तेवढेच, फक्त गोल डिफरन्सने (मारलेले गोल वजा खाल्लेले गोल) गेले. आता इथे माझा मुद्दा परत येतो बघा. टोनी मोब्रे तेव्हा फेब्रुवारीत आलेला मॅनेजर, त्याला टीम वाचवता आली नाही आणि तरी मालकांनी त्याला ठेवलं. पुढच्याच सीझनमध्ये परत चॅम्पियनशिप. म्हणजे पुण्यातल्या मालकांवर ढीगभर टीका झाली, त्यातली बरीच योग्यही होती, पण वर्षानुवर्षं तोटा तेच भरत आलेत आणि एकदा का होईना थांबायचं कसं हे त्यांना जमलं.

प्रश्न: कार्लाइलच्या मैदानात मासे सापडले होते ही अफवा ना?

अफवा नाही. ब्रंटन पार्क नदीच्या काठाजवळ सखल जागी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये डेसमंड वादळाने पूर आला, गोलपोस्ट पाण्यात, घरच्या मॅच प्रेस्टन, ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूलला जाऊन खेळल्या. पाणी ओसरल्यावर मैदानात गोल्डफिश मिळाला. त्या सीझनमध्ये टीम टिकली बरं का, पुराने नाही बुडवलं त्यांना.

प्रश्न: आता परत वर यायला किती वर्षं? खरं सांगा, धीर देऊ नका.

बरं, नाही देत. साउथएंड २०२१ मध्ये बाहेर गेले, १०१ वर्षं लीगमध्ये काढून, आणि २०२५ च्या प्लेऑफ फायनलपर्यंत पोचून हरले. ज्यांच्याकडून हरले ते ओल्डहॅम, त्यांचं बघा. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाच्या २२ टीमपैकी एक. २०२२ मध्ये लीग टू मधून बाहेर, प्रीमियर लीग खेळलेला आणि ईएफएलबाहेर गेलेला पहिला क्लब. ज्या दिवशी गेले त्या दिवशी लोकांनी मैदानात उतरून मॅच थांबवली होती. तीन सीझन खाली काढले आणि जूनच्या १ तारखेला वेम्ब्लीवर साउथएंडला एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२ हरवून परत. मधल्या काळात तिथल्याच एका उद्योगपती कुटुंबाने क्लब घेतला होता. तेव्हा तीन वर्षं धरून चला. एका वर्षात आले तर पेढे तुमच्याकडून.

ल्यूटन तर पाच वर्षं खाली होते, २००९ ते २०१४, मग चढत चढत २०२३ ला थेट प्रीमियर लीगमध्ये. आणि २०२५ पर्यंत दोन वर्षांत दोन लीग खाली येऊन लीग वन मध्ये. या शिडीला वरून आणि खालून दोन्हीकडून तेल लावलेलं आहे.

मोरकमबद्दलही दोघांनी विचारलंय. कार्लाइलबरोबर खाली गेलेला हा क्लब २०२५ च्या उन्हाळ्यात जवळजवळ बंदच पडला होता, नॅशनल लीगने निलंबितही केलं. ऑगस्टमध्ये पंजाब वॉरियर्स नावाच्या ग्रुपने घेतला आणि अश्वीर सिंग जोहलला मॅनेजर केलं, तेव्हा वय ३०, इंग्लंडमध्ये या पातळीवर मॅनेजर झालेला पहिला शीख. त्याला खेळाडू जमवायला दिवस मिळाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घाई म्हणतात ती ही, पण इथे बिचाऱ्यांना दुसरा मार्ग नव्हता.

प्रश्न: मुलगा मँचेस्टर सिटीचा फॅन. त्याला म्हटलं एखादा छोटा क्लब बघ, खरं फुटबॉल कळेल. तो म्हणतो हरणारी टीम कशाला बघू? काय सांगू त्याला?

काही सांगू नका, पोरगा बरोबर बोलतोय. हरणारी टीम कोणी ठरवून निवडत नाही, ती गळ्यात पडते. कार्लाइलमध्ये जन्मलात तर स्कॉटलंडच्या सीमेजवळचं ते एकटं शहर, मोठे क्लब सगळे लांब, आजोबा ब्रंटन पार्कला न्यायचे म्हणून तुम्हीही जाता. सिटीसुद्धा १९९८-९९ मध्ये तिसऱ्या लीगमध्ये खेळत होती, हे मात्र त्याला जरूर विचारा, माहीत आहे का म्हणून. त्याच मे महिन्यात जिमी ग्लासने तो गोल मारला आणि सिटी वेम्ब्लीवर जिलिंगहॅमविरुद्ध ९० व्या मिनिटाला दोन गोलने मागे होती. तिथून पेनल्टीवर जिंकले.

त्याला बघायचंच असेल तर २०२५-२६ च्या सीझनमधली कार्लाइलची ट्रूरोला जाऊन खेळायची मॅच बघा. ट्रूरो सिटी कॉर्नवॉलची, इंग्लंडचं खालचं डावं टोक, कार्लाइल वरचं डावं टोक, मध्ये चारशे मैलांच्या वर रस्ता, तोही एका बाजूचा. पाचव्या लीगच्या मॅचसाठी. कार्लाइलचे लोक बसमधून जातील, रात्रीच निघावं लागेल बहुतेक, आणि पोचल्यावर कॅमेरा पाहुण्यांच्या स्टँडवर गेला की डोकी मोजायला सांगा त्याला. शनिवारी तिकडे दुपारी तीनची किकऑफ असते, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ.